नवव्या प्रकरणातल्या रेघा

३ फेब्रुवारी

पुस्तक आज बाहेर पडलं. 'बाहेर पडलं' म्हणणं बरोबर आहे का? छापलं नाही, बांधलं नाही, गठ्ठे आले नाहीत. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वेबसाइटचा निरोप आला, की तुमची कादंबरी आता वाचकांना विकत घेता येईल. तेव्हा मी ऑफिसात समोरच्या टेबलावरून येणारं 'जेवणानंतर स्वल्पविराम दिवसातून दोनदा पूर्णविराम' ऐकत होते.

औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रकं आमच्याकडे छापतात. एकाने मूळ कागद विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या नमुन्यावर नजर ठेवायची. वाचणारे गृहस्थ माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत. सगळे त्यांना स्वल्पविराम म्हणतात आणि ते ओ देतात. नमुन्यात चूक दिसली की मी तिच्याखाली रेघ मारते. एकवीस वर्षं हेच.

कादंबरीवर माझं खरं नाव नाही. हे ऑफिसात फक्त स्वल्पविरामांना ठाऊक, घरी फक्त नवऱ्याला. अक्षरं कशी दिसतात ते पाहायला एक प्रत मीच विकत घेतली. दिवसभरात विक्री: एक.

५ फेब्रुवारी

ताईला सांगायचं नाही हे ठरलेलं आहे. तरी का सांगायचं नाही ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे मन पुन्हा पुन्हा तिकडे धावणार नाही.

आई गेली त्याला अकरा वर्षं झाली. शेवटचं वर्षभर तिचं सगळं ताईने केलं. मी इथे, बसने सहा तासांवर, सुट्टी मिळेल तशी जायचे. ताईचा फोन आला मंगळवारी दुपारी, आणि मी पोचले तेव्हा आई नव्हती. नंतर दवाखान्याच्या कागदांत एक कागद सापडला. त्यावर डॉक्टरांनी सोमवारची तारीख घालून लिहिलं होतं, की प्रकृती गंभीर, जवळच्या नातेवाइकांना बोलवावे. सोमवार सकाळ ते मंगळवार दुपार. मी ताईला कधीच विचारलं नाही. कादंबरीच्या नवव्या प्रकरणात मात्र लिहिलं: मोठी बहीण फोनपाशी जाते, पाच आकडे दाबते आणि रिसीव्हर खाली ठेवते. आकडे, रिसीव्हर, सगळं मी मनाने रचलेलं. कागद तेवढा खरा.

ताईने हे वाचलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. माहेर म्हणून आता मला तेवढीच उरली आहे.

पण ती वाचायची नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. छापील अक्षर दिसेनासं झालं तेव्हा मागच्या वर्षी माझा जुना ई-रीडर तिला दिला. पासवर्डची कटकट तिच्या मागे नको म्हणून तो माझ्याच खात्यावर ठेवला आहे, मी घेतलेली पुस्तकं तिलाही आपोआप मिळतात. अक्षरं एवढी मोठी करते की ओळीत चारच शब्द मावतात. 'लहान मुलांच्या पुस्तकासारखं दिसतं गं,' म्हणते, 'फक्त आत खून असतो.' तिला खुनाच्या गोष्टी लागतात. माझ्या कादंबरीत खून नाही.

९ फेब्रुवारी

विक्री: सहा. वेबसाइटवर एक पान असतं, त्यावर कालपर्यंत किती प्रती गेल्या ते दिसतं. दिवसातून एकदाच बदलतं हे माहीत असून मी ते आज चौदा वेळा उघडलं. मोजलं म्हणून आकडा माहीत आहे. मोजलं का, ते माहीत नाही.

नवरा अकरा टक्क्यांवर आहे. परवाही अकरावरच होता. 'सावकाश वाचतोय,' म्हणाला. 'घाई केली तर मजा जाते.' मी म्हटलं, अकरा टक्के म्हणजे अजून पहिलं प्रकरण. तो म्हणाला, 'मग तेच मजेचं असेल.'

१२ फेब्रुवारी

ई-रीडर उघडला तर विचारतो, तुम्ही शेवटी चौतिसाव्या पानावर होता, तिथे जायचं का? मी तर काल सत्तरीच्या पुढे होते. गेले चौतीसवर. तिथे एका वाक्याखाली रेघ. 'सुई ओवताना आई जिभेचं टोक बाहेर काढायची, आणि पुढे आम्ही दोघीही काढू लागलो.' यंत्रावरही मी चुकांखाली रेघ मारते आणि मग संगणकावर बसून त्या काढते, पण ही कधी मारली ते आठवेना. बसमध्ये पेंगताना मारली असणार.

वाक्य पुन्हा वाचलं. रेघ होती म्हणून वाचलं आणि मग दिसलं, लाडिक आहे. आई, सुई, जीभ, सगळं वाचकाने विरघळावं म्हणून मांडलेलं. काढलं. नवी फाइल चढवली. हे एक बरं असतं, ज्यांनी प्रत घेतली आहे त्यांच्याकडेही दुरुस्त पान आपोआप जातं. छापील पुस्तकात चूक जन्मभर राहते.

१५ फेब्रुवारी

आणखी तीन रेघा. तिन्ही माझ्या नकळत, आणि तिन्ही आईच्या वाक्यांखाली. उरलेल्या चिंध्या ती रंगांप्रमाणे डब्यात लावायची ते. शाळेतून यायला उशीर झाला की ती दारात न थांबता खिडकीत थांबायची, म्हणजे वाट पाहिलेली कळू नये, ते. तिसरं, ती झोपेतही आमची पांघरुणं सारखी करायची ते, तर मला स्वतःला आवडायचं. पण आवडतं म्हणून ठेवायचं, हा कुठला न्याय? तिन्ही काढली.

नवऱ्याला विचारलं, माझ्या खात्यात कुणी घुसलं असेल का? तो म्हणाला, 'तुझं पुस्तक चोरून वाचणारा सापडला तर त्याला हाकलू नकोस. चहा पाज.'

स्वल्पविरामांचं म्हणणं निराळं. 'बाई, तुम्ही झोपेतसुद्धा रेघा माराल. माझी बायको सांगते, मी झोपेत अर्धविराम म्हणतो.'

१९ फेब्रुवारी

रविवार. ताईला नेहमीचा फोन. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, अकरा मार्च. मी जाणार आहे. मग ती म्हणाली, 'एक विचारू? या यंत्रातलं पुस्तक आपोआप बदलतं का गं?'

'बदलतं म्हणजे?'

'काल वाचलेली ओळ आज नसते. मी मुद्दाम खूण करून ठेवते, तर खुणेसकट गायब.'

'तुझं बोट लागून पान पुढे जात असेल. अक्षर एवढं मोठं केलं की पानांचे आकडे इकडचे तिकडे होतात.'

'हो का. मग माझंच काही चुकत असेल.'

तिला सेटिंग कुठे बदलायचं ते सावकाश दोनदा सांगितलं. मोतीबिंदूमुळे माणूस किती गोंधळतो. ऑपरेशन लवकर झालेलं बरं.

२३ फेब्रुवारी

आज ऑफिसात दोन चुका नजरेतून सुटल्या. स्वल्पविरामांनी पकडल्या. हे असं कधी होत नाही.

कारण सकाळी बसमध्ये नववं प्रकरण उघडलं होतं. सबंध प्रकरणाखाली रेघा होत्या. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, साडेसहा पानं.

हे मी केलं? केव्हा? आठवत नाही, पण माझ्याशिवाय करणार कोण? गेले दोन आठवडे रोज ते प्रकरण चाळते आहे आणि रोज घाईने पुढे जाते. बोटांना माझ्याआधी कळलं असेल. सबंध प्रकरणच चूक आहे. एका कागदाच्या जोरावर मी एका माणसाला दोषी ठरवलं, तिचं म्हणणं न ऐकता, तेही टोपणनावाआड बसून. ही कादंबरी झाली की तक्रारअर्ज?

ऑफिसातून अर्धी रजा घेऊन घरी आले आणि प्रकरण नव्याने लिहिलं. आता सोमवारी फोनच बंद आहे. वाऱ्याने तार तुटली आहे. मोठी बहीण तीनदा रिसीव्हर कानाला लावते, आवाज येत नाही, ती रडते. कुणाचाच दोष नाही. फाइल चढवली तेव्हा पाच वाजले होते. ही सातवी.

हलकं वाटायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी

ताई फोनवर तुटक बोलली. तब्येत बरी, डोळा तसाच, येताना काही आणू नकोस. काय वाचतेस म्हणून विचारलं.

'खुनाचंच. खुनी कोण ते लेखिकेने आधी नीट सांगितलं होतं. आता म्हणते, कुणीच नाही, वाऱ्याने झालं.'

'भलतंच पुस्तक दिसतंय. दे सोडून.'

'सोडत नाही. शेवट वाचायचाय मला.'

कोणतं पुस्तक ते विचारायचं राहिलं. असल्या लेखकांना लोक वाचतात कसे? माझी विक्री अकरावर थांबली आहे.

४ मार्च

विक्री: अकरा. नवरा: एकोणीस टक्के. आठवी फाइल चढवली, दोन स्वल्पविरामांसाठी. (खऱ्या.) आता रेघा येत नाहीत. रेघा थांबल्या म्हणजे पुस्तक निर्दोष झालं असं मी स्वतःला सांगते. तरी रोज उघडून बघते आणि एकही रेघ नाही म्हणून जीव थाऱ्यावर राहत नाही.

११ मार्च

ताईच्या घरी. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

ऑपरेशन सकाळी झालं, वीस मिनिटांत. साडेअकराला ताईला घरी आणलं. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, उजव्यात अजून मोतीबिंदू, म्हणजे आज तिला काहीच वाचता येणार नव्हतं. मी भात लावला. ती उशांना टेकून बसली होती. म्हणाली, 'यंत्र घे नि वाच थोडं. मी थांबलेय तिथून.'

उघडलं. एका ओळीत चार शब्द. 'वाऱ्याने तार तुटली होती.' माझी आठवी फाइल, नववं प्रकरण.

मी अक्षरं लहान करून पाहिली, पुन्हा मोठी केली. ताई म्हणाली, 'वाच की. आवाज बसला का?'

मी वाचू लागले. दुसरं काय करायला हवं होतं हे अजून सुचलेलं नाही. डोकं चालत नव्हतं, तोंड आपलं सवयीने चाललं होतं. 'तिने रिसीव्हर कानाला लावला स्वल्पविराम पण आवाज नव्हता पूर्णविराम.'

'स्वल्पविराम काय? औषधाची चिठ्ठी आहे का ही?'

मी पुढची ओळ शोधू लागले.

'फोन बंद नव्हता,' ताई म्हणाली. 'आधी बरोबर लिहिलं होतंस.'

'कधीपासून वाचतेस?'

'पहिल्या दिवसापासून. सकाळी यंत्र उघडलं तर नवीन पुस्तक. म्हटलं, आणखी एक खून. तर थोडं पुढे गेले, तिथे आई सुई ओवतेय. तू नाव हवं ते लाव गं, आईची जीभ कुठे झाकणार?'

'मग बोलली का नाहीस?'

'बोलत होते की! आवडलेल्या ओळीखाली रेघ मारायची, तूच शिकवलंस. म्हटलं, यंत्रं दोन असली तरी खातं एक, हिला दिसत असणार. तर दुसऱ्या दिवशी ती ओळच नाही. दुसरीखाली मारली, तीही नाही. म्हटलं, एवढा राग? माझ्या आवडीचं एक वाक्य ठेवू नये?'

मी सांगितलं, की ताई, मला त्या माझ्याच रेघा वाटल्या. मी रेघ मारते ती चुकीखाली.

मग तिचे खांदे हलायला लागले. पट्टीवर हात धरून म्हणाली, 'हसवू नकोस गं, डॉक्टरांनी सांगितलंय.' आणि मीही हसले. ते अर्धं मिनिट फार चांगलं होतं, म्हणून लिहून ठेवते.

मग मी विचारलं, 'आणि ते सबंध प्रकरण? तेही आवडलं?'

'ते आवडलं म्हणून नाही. ते खरं होतं म्हणून.'

'खरं कसं? फोन उचलणं, आकडे, ते मी मनाने लिहिलंय.'

'मग मनाला कसं कळलं तुझ्या? उचलला होता मी. चार आकडे दाबले होते, तू पाच लिहिलेस.' ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. 'वर्षभर मी तिला उठवलं, बसवलं, पुसलं. माझ्याशी हूं की चूं नाही. तू आलीस की उशीला टेकून बसायची, केस विंचर म्हणायची. तू आलीस की बरी दिसायची ती. डॉक्टर म्हणाले, बोलवा, तेव्हा मला वाटलं, एक दिवस. एक दिवस ती माझ्याकडे बघेल. सोमवार मी ठेवून घेतला.'

मी यंत्र बंद केलं.

'अकरा वर्षं वाट पाहिली, आज विचारशील, उद्या विचारशील. नाही विचारलंस. मग पुस्तकात सापडलं. म्हटलं, चला, हिला ठाऊक आहे आणि तरी दर रविवारी फोन करते. चार दिवस झोप लागली मला नीट. आणि तू ते पुसून वारा आणलास. परस्पर माफ केलंस मला? मी मागितली होती का?'

मी स्वयंपाकघरात गेले. भात खाली लागला होता.

१२ मार्च

मला राग आला आहे. तो नवा आहे की अकरा वर्षांपूर्वीचा, ते कळत नाही. इतकी वर्षं मी खात्रीने समजून होते, आणि तिने हो म्हटलं तेव्हा कळलं, की मनात कुठेतरी 'नसेलही' असं होतं. तेवढं गेलं.

सकाळी पट्टी काढली. दर तीन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे आहेत आणि ते तिला एकटीला जमत नाही. एखाद्याशी बोलायचं नाही असं ठरवून त्याची पापणी वर ओढून धरणं फार अवघड असतं. 'वर बघ.' 'मिट.' दिवसभरात एवढंच बोलणं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, 'तुझी बोटं गार आहेत.' पुढच्या वेळी बोटं आधी चोळून घेतली. त्याचाही राग आला.

संध्याकाळची बस होती. चौकशी केली. तिकीट काढलं नाही.

१३ मार्च

सकाळपासून स्वतःशी उलटतपासणी. मूळ प्रकरण परत ठेवलं तर ते खरं म्हणून, की आता सूड म्हणून? तसंच काढलेलं ठेवलं तर तो मोठेपणा, की भित्रेपणा? फोन बंद होता असं लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं मी ताईला वाचवते आहे. मी तर तिला गप्प केलं. आणि स्वतःला विचारायची वेळ येऊ नये म्हणून केलं, हेही लिहायला हवं.

शेवटी तिलाच जाऊन विचारलं. ती गॅलरीत काळा चष्मा लावून बसली होती.

'ते प्रकरण जसं होतं तसं ठेवू का?'

'पुस्तक तुझं आहे.'

'ताई, नीट सांग.'

'आकडे चार कर. बाकी हात लावू नकोस.' मग म्हणाली, 'आणि आईच्या ओळी परत घाल. सगळ्या. त्यासुद्धा खऱ्याच आहेत. माझ्यावरचं तेवढं खरं ठेवशील आणि तिच्यावरचं लाडिक म्हणून काढशील, हे नाही चालायचं.'

'लाडिक' हा शब्द मी तिच्यापाशी उच्चारला नव्हता. काय काय ओळखते ही.

ताईच्या जेवणाच्या टेबलावर बसून चारही वाक्यं परत घातली, नववं प्रकरण परत घातलं, पाचचे चार केले. नववी फाइल. राग गेलेला नाही. रागासकट चढवली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन. नव्वद टक्के. म्हणाला, 'ताईंशी नीट वागतेस ना?' मी म्हटलं, तुझ्याकडे कोणतं नववं प्रकरण आहे? त्याला काही कळलं नाही.

१५ मार्च

आज विचारलं. दुपारी जेवण झाल्यावर, ताट उचलायच्या आधी. अकरा वर्षांत सुचायला हवा होता तो प्रश्न इतका साधा होता, की विचारताना मला तिच्याकडे बघवेना. 'सोमवारी दिवसभर काय झालं?'

ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. सकाळी किती वाजता आईने डोळे उघडले तिथपासून सुरुवात केली. ती बोलत राहिली, मध्ये दोनदा पाणी प्यायली. मी एकदाही तिला तोडलं नाही. आई त्या दिवशी काय बोलली, काय बोलली नाही, कुणाचं नाव घेतलं, सगळं.

संपल्यावर म्हणाली, 'हे पुस्तकात घालू नकोस हं.'

'नाही.'

'आणि ती वही असते तुझ्याजवळ. रोज काहीतरी खरडत असतेस. त्यातही नको.'

मी म्हटलं, नाही लिहीत.

लिहायला हात नुसता वळवळतो आहे. एकेक वाक्य जसंच्या तसं कानात आहे आणि उद्या ते थोडं निसटेल, परवा आणखी. निसटू दे. तो दिवस तिने मला सांगितला, वहीला नाही.

तीनचे थेंब आम्ही दोघीही विसरलो. चार वाजून वीस मिनिटांनी घातले.